एकेका पेशीचा ठावठिकाणा : वनस्पतिविज्ञानातील एकल-पेशी आरएनए क्रमनिर्धारण

मुळाच्या पृष्ठभागावरून केसासारखी बाहेर वाढलेली पेशी, पानाच्या वरच्या त्वचेतील पेशी आणि परागकोशाच्या आतली पेशी या तिघींच्या केंद्रकांत जनुकांचा एकच संच असतो. तरीही पहिली मातीतून पाणी व क्षार ओढून घेते, दुसरी मेणाचा थर रचून पानातील ओल धरून ठेवते आणि तिसरी अर्धगुणसूत्री विभाजनाची तयारी करते. जनुके तीच असूनही कामे वेगळी होतात, कारण प्रत्येक पेशीत त्यांपैकी काहीच जनुके त्या वेळी कामाला लागलेली असतात. एखादे जनुक कामाला लागले की डीएनएवरील त्याच्या मजकुराची प्रत आरएनएच्या रूपात निघते. प्रथिने बांधणाऱ्या यंत्रणेपर्यंत हा मजकूर नेणाऱ्या प्रतीला संदेशवाहक आरएनए म्हणतात. पेशीत एखाद्या क्षणी कोणते संदेशवाहक आरएनए आहेत आणि प्रत्येकाच्या किती प्रती आहेत हे मोजता आले, तर ती पेशी त्या क्षणी कोणत्या कामात गुंतली आहे याचा बराचसा अदमास बांधता येतो. ‘बराचसा’ एवढेच म्हणायचे, कारण प्रत निघाली म्हणजे प्रथिन तयार झालेच असे नसते आणि तयार झालेले प्रथिन शेजारच्या पेशीत जाऊनही काम करू शकते. वनस्पतींत तसे घडते, आणि त्याचे एक ठळक उदाहरण पुढे येणार आहे.

आरएनए क्रमनिर्धारण म्हणजे ऊतीतील आरएनए वेगळा काढून त्याच्या डीएनए-प्रती करणे, त्या प्रतींवरील अक्षरांचा क्रम यंत्राने वाचणे आणि वाचलेला प्रत्येक तुकडा कोणत्या जनुकाचा आहे हे ताडून जनुकवार मोजदाद करणे. २००८च्या सुमारास ही पद्धत वनस्पतींच्या अभ्यासात रुळू लागली. परंतु तिच्यासाठी पान, मूळ किंवा कळी कुटून एकजीव करावी लागत असे आणि हाती येणारा आकडा असंख्य पेशींची सरासरी असे. गावाच्या एकूण उत्पन्नाला घरांच्या संख्येने भागले, तर सावकार आणि शेतमजूर दोघेही मध्यमवर्गीय ठरतात, तसाच हा प्रकार होता. एखादे जनुक १०० पेशींपैकी एकाच पेशीत जोमाने आणि उरलेल्या ९९ पेशींत मुळीच चालू नसेल, तरी सरासरीत ते सगळीकडे मंदपणे चालू असलेल्या जनुकासारखेच दिसते. ज्या वनस्पतींमध्ये काही महत्त्वाची कामे अगदी मोजक्या पेशींकडे सोपवलेली असतात, त्यांच्या बाबतीत ही अडचण किरकोळ नव्हे.

एका पेशीतील आरएनए वाचण्याचा मार्ग प्राण्यांच्या पेशींवर आधी खुला झाला. २००९मध्ये फुचौ तांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अगदी प्राथमिक अवस्थेतील भ्रूणाची एक पेशी घेऊन तिच्यातील संदेशवाहक आरएनएचे क्रमनिर्धारण करून दाखवले. पुढे २०१५मध्ये तेलात तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांत एकेक पेशी कोंडून हजारो पेशी एकाच वेळी वाचण्याच्या दोन पद्धती प्रसिद्ध झाल्या, आणि अल्पावधीत तयार यंत्रे व रसायनसंच बाजारात आल्यामुळे मेंदू, रक्त, अर्बुदे अशा सर्वच क्षेत्रांत या तंत्राचा प्रसार झाला. त्या काळात वनस्पतींतही एकेकटी पेशी वेचून तिचा आरएनए वाचण्याचे प्रयत्न झाले होते, परंतु थेंबांच्या पद्धतीने हजारो पेशींचे काम २०१९पर्यंत रखडले. रखडण्याचे मुख्य कारण पेशीभित्तिका हे होते.

प्राण्यांच्या ऊतीतील पेशी सुट्या करण्यासाठी बहुधा त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिने विरघळवली की भागते. वनस्पतीची पेशी मात्र सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांच्या जाळीदार भिंतीत बंद असते आणि शेजारच्या पेशीशी पेक्टिनच्या थराने जखडलेली असते. ही भिंत पचवून आतली पेशी जिवंत बाहेर काढण्याची रीत मात्र जुनीच होती. १९६०मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड कॉकिंग यांनी एका बुरशीपासून मिळवलेले सेल्युलोज पचवणारे विकर वापरून टोमॅटोच्या मुळांच्या टोकांतून भित्तिकाहीन पेशी वेगळ्या केल्या होत्या. अशा भिंत गमावलेल्या, केवळ पटलाने वेढलेल्या पेशीला प्रोटोप्लास्ट म्हणतात. भिंतीचा आधार सुटताच ती गोल होते, आणि बाहेरच्या द्रावणाची संहती कमी असेल तर पाणी आत शिरून फुटते. म्हणून द्रावणात मॅनिटॉलसारखी शर्करावर्गीय द्रव्ये घालून समतोल राखावा लागतो. हे सारे साधले, तरी तासाभराहून अधिक काळ विकरांत भिजत पडलेली पेशी झाडात असताना होती तशीच राहिली असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि या शंकेने पुढच्या साऱ्या कामाची पाठ सोडलेली नाही.

प्रोटोप्लास्ट हाती आल्यानंतरची कृती प्राण्यांच्या पेशींसारखीच असते. केसाहून बारीक नळ्यांच्या जाळ्यातून एका बाजूने पेशी असलेले द्रावण, दुसऱ्या बाजूने जेलीसारखे सूक्ष्म मणी आणि तिसऱ्या बाजूने तेल सोडले जाते. जिथे हे प्रवाह मिळतात तिथे एक-एक नॅनोलिटरच्या घरातील थेंब सुटत जातात. एका थेंबात दोन पेशी येऊ नयेत म्हणून पेशींचे द्रावण इतके पातळ ठेवतात की बहुतेक थेंबांत पेशी नसतेच, आणि तरीही काही थेंबांत जोडी शिरतेच. अशा जोडपेशी नंतर आकडेवारीतून हुडकून वगळाव्या लागतात. प्रत्येक मण्यावर डीएनएचे असंख्य आखूड धागे चिकटवलेले असतात. त्या धाग्यांचा एक भाग त्या मण्यापुरता ठरलेला संकेतक्रम असतो, दुसरा भाग धाग्यागणिक वेगळा असणारा क्रम असतो आणि टोकाशी टी या अक्षराची लांब माळ असते, जिला संदेशवाहक आरएनएच्या टोकाची ए या अक्षराची माळ येऊन चिकटते. थेंबात पेशी फुटली की तिचा आरएनए या धाग्यांवर अडकतो आणि त्यांच्यावरच त्याची डीएनए-प्रत तयार होते. मग सारे थेंब फोडून एकत्र केले तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या थेंबातील, म्हणजे पर्यायाने कोणत्या पेशीतील आहे, याची खूण कायम राहते.

धाग्यागणिक वेगळ्या असणाऱ्या दुसऱ्या क्रमाचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. एका पेशीतील आरएनए इतका अल्प असतो की तो वाचण्याजोगा करण्यासाठी प्रतींच्या प्रती काढाव्या लागतात, आणि या गुणनात काही रेणूंच्या प्रती फार होतात तर काहींच्या थोड्या. एकाच रेणूपासून निघालेल्या सर्व प्रतींवर मात्र हा दुसरा क्रम सारखाच असतो. त्यामुळे त्या सगळ्या मिळून एकच धरल्या की मूळ रेणूंची खरी गणती परत मिळते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका संचात पेशीची खूण १६ अक्षरांची आणि रेणूची खूण १२ अक्षरांची असते. चार अक्षरांतून १२ अक्षरी क्रम १ कोटी ६७ लाखांहून अधिक प्रकारे जुळवता येतो, म्हणून एका पेशीत एकाच जनुकाच्या दोन रेणूंना एकच खूण पडण्याची शक्यता नगण्य राहते. इतके करूनही पेशीतील संदेशवाहक आरएनएपैकी छोटासा हिस्साच मण्यावर अडकतो. एखाद्या पेशीच्या नोंदीत एखाद्या जनुकापुढे शून्य दिसले, तर ते जनुक खरोखर बंद होते की त्याच्या मोजक्या प्रती निसटल्या, हे त्या एका पेशीवरून सांगता येत नाही. सारख्या पेशींचा समूह घेतला तरच उत्तर मिळते. नाव एकल-पेशी असले तरी निष्कर्ष बहुधा समूहांविषयीच निघतात, ही गोष्ट या क्षेत्राच्या लोकप्रिय वर्णनांत अनेकदा गाळली जाते.

अशा प्रयोगाच्या शेवटी एक प्रचंड तक्ता हाती येतो. थेल क्रेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस थॅलियाना या छोट्या वनस्पतीत प्रथिने घडवणारी सुमारे २७ हजार जनुके आहेत. १० हजार पेशी वाचल्या तर २७ कोटी घरांचा तक्ता होतो आणि त्यातील बहुतेक घरांत शून्य असते. ज्या पेशींची जनुके सारख्या प्रमाणात चालू आहेत त्यांचे गट संगणकाने पाडले जातात आणि हे गट सपाट कागदावर ठिपक्यांच्या बेटांसारखे मांडले जातात. ही बेटांची चित्रे देखणी असतात, पण हजारो परिमाणांतील माहिती दोन परिमाणांत दाबून बसवलेली असल्यामुळे दोन बेटांमधील अंतराला किंवा बेटाच्या आकाराला फारसा अर्थ नसतो. तरीही त्या अंतरावरून नातेसंबंध सुचवण्याचा मोह शोधनिबंधांतही आवरलेला दिसत नाही. यापुढचा प्रश्न खरा अवघड असतो : हे बेट म्हणजे झाडाच्या कोणत्या भागातील पेशी?

हा प्रश्न वनस्पतींच्या बाबतीत अधिक बोचरा ठरतो. वनस्पतीची पेशी जन्मते तिथेच राहते, आणि ती कोण होणार हे पुष्कळ अंशी तिचे शेजारी ठरवतात. अरॅबिडॉप्सिसच्या मुळाच्या बाह्यत्वचेत याचे नितळ उदाहरण सापडते : बाह्यत्वचेची जी पेशी खालच्या थरातील दोन पेशींच्या सांध्यावर बसलेली असते ती मूलरोम वाढवते, आणि जी एकाच पेशीला टेकलेली असते ती गुळगुळीत राहते. अशा जीवाच्या पेशी सुट्या करणे म्हणजे ज्या एका गोष्टीने त्यांचे भवितव्य ठरवले तीच पुसून टाकणे होय. तक्त्यात पेशीचा जनुकवार तपशील येतो, पण तिचा ठावठिकाणा हरवतो.

तो परत मिळवणे अरॅबिडॉप्सिसच्या मुळाच्या बाबतीत शक्य झाले, कारण आधीच्या पिढीने पायाभूत काम करून ठेवले होते. या मुळाची रचना विलक्षण सुबक आहे. बाहेरून आत बाह्यत्वचा, मध्यत्वचा, अंतस्त्वचा असे एकेक पेशीच्या जाडीचे थर येतात आणि मध्यभागी पाणी व अन्नरस वाहणाऱ्या ऊतींचा दांडा असतो. टोकाशी क्वचितच विभागणाऱ्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या पेशींचे शांत केंद्र असते, त्याच्याभोवतीच्या मूलपेशींतून नव्या पेशी निघतात आणि जसजसे टोकापासून वर जावे तसतशा त्या वयाने वाढत जातात. २००३मध्ये केनेथ बर्नबॉम, फिलिप बेन्फी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या थरांत हिरवे चमकणारे प्रथिन निर्माण करणाऱ्या जनुकबदल केलेल्या रोपांची मुळे घेतली, त्यांचे प्रोटोप्लास्ट करून चमकणाऱ्या पेशी यंत्राने निवडल्या आणि मुळाच्या १५ विभागांचा जनुकीय नकाशा तयार केला. २००७मध्ये शिवॉन ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी तो आणखी बारीक केला. कोणते जनुक कोणत्या थरात बोलते याची खात्रीशीर यादी त्यातून तयार झाली होती.

२०१९मध्ये मिशिगन, ट्युबिंगन, सिएटल, कॅलिफोर्निया आणि शांघाय येथील गटांनी जवळजवळ एकाच वेळी अरॅबिडॉप्सिसच्या मुळाचे एकल-पेशी अभ्यास प्रसिद्ध केले, तेव्हा प्रत्येकाच्या पेशींची संख्या सुमारे तीन हजार ते बारा हजार यांच्या दरम्यान होती आणि सर्वांनी आपापली बेटे या जुन्या यादीच्या आधारेच ओळखली. या निबंधांचे स्वागत क्रांती म्हणून झाले. वस्तुतः त्यांतील बराच भाग जे आधी माहीत होते त्याची खातरजमा करणारा होता, आणि तेच त्यांचे मोल होते. उत्तर ठाऊक असलेले गणित नव्या यंत्राला घालून पाहिल्याशिवाय त्याच्या अनोळखी उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय एक गोष्ट नवी मिळाली. मुळात सर्व वयांच्या पेशी एकाच वेळी हजर असल्यामुळे, जनुकीय साम्यावरून पेशी एका रांगेत मांडल्या की नवजात पेशीपासून पूर्ण वाढलेल्या पेशीपर्यंतचा प्रवास सलग वाचता येतो; या अनुमानित क्रमाला आभासी काल म्हणतात. सिएटलच्या गटाने रोपांना उष्णतेचा ताण देऊन मुळाच्या बाहेरच्या थरांतील पेशी आतल्या पेशींहून अधिक तीव्र प्रतिसाद देतात हेही दाखवले. सरासरीच्या पद्धतीत हा भेद दिसलाच नसता.

दोष राहिले ते भिंतीचेच. विकरांमुळे जखमेला प्रतिसाद देणारी काही जनुके चालू होतात, त्यांची यादी करून ती हिशेबातून वगळावी लागते. लिग्निनने जाड झालेल्या जलवाहिन्यांच्या पेशी विकरांना दाद देत नाहीत, तर मोठ्या पेशी यंत्राच्या नळ्यांत मावत नाहीत किंवा वाटेत फुटतात. त्यामुळे बेटाचा आकार झाडातील प्रमाण सांगत नाही, तर कोणत्या पेशी या छळातून वाचल्या तेवढेच सांगतो. यावर तोड म्हणून अनेक गट पेशींऐवजी नुसती केंद्रके काढू लागले. ऊती गोठवून पात्याने चिरली, पटले विरघळवणारे सौम्य द्रव्य घातले की भिंत पचवण्याची गरज न राहता काही मिनिटांत केंद्रके हाती येतात, आणि पेशीला घाबरायलाही वेळ मिळत नाही. केंद्रकात आरएनए कमी असतो आणि पेशीद्रवात साठलेल्या प्रती हातच्या जातात, हे खरे. तरी कठीण, चिकट, तंतुमय ऊतींसाठी हाच मार्ग व्यवहार्य ठरला आहे. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या गटाने २०२५मध्ये बीजापासून शेंगेपर्यंतच्या अरॅबिडॉप्सिसच्या जीवनचक्राचा चार लाखांहून अधिक केंद्रकांचा संग्रह प्रसिद्ध केला तोही याच वाटेने, आणि त्याला पातळ छेदांतच जागच्या जागी आरएनए मोजण्याच्या पद्धतीची जोड देऊन.

जिथे जुनी यादी नव्हती तिथे ठावठिकाणा मिळवण्यासाठी कल्पकता लागली. मक्याच्या मुळात मध्यत्वचेचे एक नव्हे तर आठ-नऊ थर असतात आणि प्रत्येक थर ओळखून देणारी चमकणारी रोपे उपलब्ध नव्हती. न्यूयॉर्क विद्यापीठातील बर्नबॉम यांच्या गटाने मुळे चमकदार रंगद्रव्यांत अशी भिजवली की रंग बाहेरून आत कमीअधिक खोलीपर्यंतच मुरावा. मग पेशी सुट्या केल्या तरी प्रत्येकीतील रंगाच्या प्रमाणावरून ती किती खोलवरच्या थरातली हे कळू लागले. या अभ्यासात, जो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला, सुरुवातीला उल्लेखलेले फिरत्या प्रथिनाचे उदाहरण पुढे आले. अरॅबिडॉप्सिसमध्ये शॉर्ट-रूट नावाच्या नियामक प्रथिनाचा आरएनए मुळाच्या मध्यदांड्याशी बनतो. तिथून हे प्रथिन फक्त एक थर ओलांडून अंतस्त्वचेत शिरते आणि तिथेच अडवले जाते. मक्यात मात्र ते मध्यत्वचेच्या अनेक थरांत पसरते, आणि त्याचे जनुक निकामी केलेल्या रोपांत मध्यत्वचेचे थर कमी होतात. केवळ आरएनएच्या तक्त्यावर विसंबून राहिले असते तर ही गोष्ट हाती लागली नसती.

भाताविषयीचे काम याहून व्यावहारिक आहे. प्रयोगशाळेतील बहुतेक मुळे पारदर्शक जेलीत वाढवली जातात, कारण ती स्वच्छ आणि सहज उपटता येणारी असतात. पण शेतातले मूळ मातीत असते. २०२५मध्ये ड्यूक आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांच्या गटांनी जेलीतल्या व मातीतल्या भाताच्या मुळांची पेशीगणिक तुलना केली, तेव्हा फरक मुख्यतः बाहेरच्या थरांत सापडला : पोषकद्रव्ये घेणे, भित्तिका सांभाळणे आणि बचाव करणे यांची जनुके तिथे वेगळ्या पातळीवर चालत होती. जमीन दाबून घट्ट केली असता मुळाच्या आतल्या वाहक ऊतींकडून ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक बाहेर पाझरते आणि बाह्यत्वचेखालच्या थरात लिग्निन व सुबेरिन यांची जलरोधक तटबंदी उभी राहते. अवजड यंत्रांच्या चाकांखाली माती घट्ट होत चाललेल्या भागांत या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जेलीत वाढवलेल्या मुळांवरून आजवर काढलेल्या पुष्कळ निष्कर्षांकडेही त्यामुळे पुन्हा पाहावे लागेल.

तरीही या तंत्राने सर्वांत ठोस लाभ कुठे दिला, असे विचारले तर बोट सदाफुलीकडे दाखवावे लागेल. महाराष्ट्रात परसात आणि कुंड्यांत बारमाही फुलणारी ही वनस्पती मूळची मादागास्करची. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देतात असे ऐकून कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अभ्यास हाती घेतला. रक्तातील साखरेवर परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या धाग्यावरून १९५८मध्ये व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड हाती आले. व्हिनब्लास्टिन आणि त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन आजही लसीकाग्रंथींच्या व रक्ताच्या काही कर्करोगांवर दिली जातात. पानांत ती इतकी अल्प असतात की १ ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात असा हिशेब मांडला जातो.

हे औषध तयार होण्याच्या तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या आहेत आणि त्या एकाच पेशीत चढल्या जात नाहीत. पानाच्या पातळ छेदावर एका वेळी एकाच जनुकाचा आरएनए रंगवून दाखवण्याच्या कष्टाच्या पद्धतीने १९९०च्या दशकापासून इतके उमगले होते की, सुरुवातीच्या पायऱ्या रसवाहिन्यांलगतच्या मृदूतक पेशींत घडतात, तिथून लोगॅनिक आम्ल बाह्यत्वचेच्या पेशींत जाते, तिथे पुढचे दुवे जुळून स्ट्रिक्टोसिडिन नावाचा कळीचा रेणू तयार होतो, आणि अखेरच्या काही पायऱ्या पानात एकेकट्या विखुरलेल्या, इडियोब्लास्ट म्हणवणाऱ्या पेशींत पूर्ण होतात. मात्र अनेक जनुकांचा ठिकाणा अज्ञात होता, आणि काही विकरे तर सापडलीच नव्हती. २०२३मध्ये जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक संस्थेत सारा ओ’कॉनर आणि जॉर्जिया विद्यापीठात रॉबिन ब्यूएल यांच्या गटांनी सदाफुलीच्या पानाचा एकल-पेशी तक्ता प्रसिद्ध केला, तेव्हा या साऱ्या पायऱ्या तीन ठिकाणी स्वच्छ वाटल्या गेलेल्या एकाच दृष्टिक्षेपात दिसल्या. दशकांचे काम त्यातून पडताळले गेले, पण त्याहून मोलाचे म्हणजे शोधाची दिशा उलटी करता आली : ज्या पेशींत ज्ञात पायऱ्या चालतात, नेमक्या त्याच पेशींत आणखी कोणती अनोळखी जनुके बोलतात हे पाहून उमेदवारांची यादी आखूड करता येऊ लागली. बाह्यत्वचेतील सेकोलोगॅनिन हा पूर्वगामी रेणू पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या मोठ्या पोकळीत, पोहोचवणारे वाहक प्रथिन या अभ्यासात निश्चित झाले. त्याचे जनुक गुणसूत्रावर याच मार्गातील दोन विकरांच्या जनुकांच्या शेजारीच बसलेले आहे.

याच अभ्यासात एकेका पेशीतील आरएनएबरोबर एकेका पेशीतील रसायनेही वस्तुमानमापकाने मोजली गेली, आणि एका जुन्या मताला धक्का बसला. व्हिनब्लास्टिन हे कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन या दोन रेणूंच्या जोडणीतून तयार होते. २०१०मध्ये असे मांडले गेले होते की कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरील मेणात स्रवते तर व्हिंडोलिन आत राहते, आणि दोघांची गाठच पडत नसल्यामुळे व्हिनब्लास्टिन अल्प मिळते. पेशीगणिक मोजणीत मात्र दोन्ही रेणू त्याच इडियोब्लास्ट पेशींत मोठ्या प्रमाणात साठलेले आढळले. मग ते एकमेकांशी सहज जुळत का नाहीत, पेशीच्या आत त्यांना कशाने दूर ठेवले आहे, हा प्रश्न आता नव्याने उभा आहे. निदान तो योग्य पेशीविषयी विचारला जात आहे. इडियोब्लास्टमधील अखेरच्या पायऱ्यांची जनुके चालू करणारे एमवायबी कुळातील एक नियामक प्रथिनही त्यानंतरच्या अभ्यासातून पुढे आले.

औषधनिर्मितीच्या दृष्टीने या ठिकाण्यांचा उपयोग काय, असा आक्षेप घेता येईल, कारण २०२२मध्ये यीस्टच्या एकाच पेशीत ५६ जनुकीय बदल करून कॅथरँथिन व व्हिंडोलिन तयार करून दाखवण्यात आले आणि पुढची जोडणी काचपात्रात रासायनिक रीतीने करण्यात आली. परंतु तिथे मिळालेले प्रमाण अत्यल्प होते. झाड ज्या रेणूंना वेगवेगळ्या पेशींत, रिक्तिकांत आणि केंद्रकात विभागून ठेवते ते यीस्टमध्ये एकाच डबक्यात येतात आणि मधल्या वाटेवर भलतीच संयुगे तयार होतात; कोणती वाहक प्रथिने आणि कोणत्या कप्प्यांची नक्कल करावी लागेल हे झाडातल्या पेशीच सांगू शकतात.

टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधाच्या बाबतीत हे २०२५मध्ये अधिक स्पष्ट झाले. यू या सूचिपर्णी वृक्षात त्याची निर्मिती कशी होते हे अनेक दशके अर्धवटच माहीत होते, कारण मार्गातील जनुके साध्या परिस्थितीत एकत्र चालू होत नाहीत आणि सरासरीत इतर हजारो जनुकांत मिसळून जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलिझाबेथ सॅटेली यांच्या गटाने यूच्या पानांवर अनेक प्रकारची उत्तेजके वेगवेगळ्या वेळी वापरली, त्या सर्वांची केंद्रके एकत्र करून वाचली आणि कोणती जनुके जोडीने जागी होतात हे पाहून हरवलेले दुवे शोधले. मग १७ जनुकांचा संच तंबाखूच्या एका भाऊबंद वनस्पतीच्या पानात घालून टॅक्सॉलचा पूर्वगामी बॅकाटिन-३ तयार करून दाखवला. त्यांना सापडलेल्या जनुकांपैकी एकाचे प्रथिन नेहमीच्या विकरांसारखे दिसतच नाही. मार्गातील पहिल्या ऑक्सिडीकरणाच्या वेळी नको ती उपसंयुगे तयार होऊ न देणे एवढेच त्याचे काम. विकरांशी साम्य असलेली जनुके शोधण्याच्या नेहमीच्या रीतीने ते कधीच यादीत आले नसते. ते यादीत आले, कारण ज्या केंद्रकांत मार्गातील इतर जनुके चालू होती त्यांतच तेही चालू होते.